गंधतंतूची वाट

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामासाठी ओळखले जाते. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या टसर किड्याचा नर पतंग रात्री मादीला शोधतो तो मुख्यतः वासावरून, पिसासारख्या रुंद शृंगिकांनी. शृंगिकेतील प्रत्येक गंधपेशीचा लांब तंतू मेंदूतील तंतूंच्या ठरावीक गुच्छापर्यंत पोचतो. त्याला हा पत्ता कसा सापडतो, हा खरा कुतूहलाचा भाग.

याचा अधिक अभ्यास उंदरात झाला. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांची, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनांची, जनुके शोधली. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. उंदरात अशी सुमारे १,००० जनुके असतात, पण एक गंधपेशी त्यांतले एकच वापरते. एकच ग्राहक वापरणाऱ्या पेशी नाकाच्या अस्तरात विखुरलेल्या असूनही त्यांचे तंतू मेंदूच्या गंधकंदातील मोजक्याच गुच्छांत जमतात. ग्राहक बदलला की मुक्कामही बदलतो. वास ओळखणारे प्रथिन वाट ठरवण्यातही भाग घेते.

मग हे प्रथिन तंतूच्या टोकाशी येते कुठून? चेतापेशीची प्रथिने केंद्रकाजवळच बनतात, ही समजूत १९८२ मध्ये डळमळली. स्टुअर्ड आणि लेव्ही यांना चेतापेशीच्या दूरच्या शाखांवरील काट्यांसारख्या उंचवट्यांच्या बुडाशी प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचे पुंजके दिसले. पुढे गंधग्राहकाचा संदेशवाहक आरएनए थेट तंतूच्या टोकाशी सापडला, तोही कोवळ्या तंतूंत जास्त. टोकाशीच प्रथिन घडत असल्याचे पुरावे २००९ मध्ये मिळाले. केंद्रकाकडून माल येण्याची वाट न पाहता वाढते टोक जागच्या जागी प्रतिसाद देऊ शकते.

कीटकांचे गणित मात्र वेगळे. फळमाशीत ग्राहक काढून टाकला तरी तंतू सहसा योग्य गुच्छात पोचतो. तिथे मार्गदर्शनाचे काम इतर प्रथिने करतात.