देवघरातल्या शाळिग्रामाचं माहेर

तुळशीच्या लग्नात अंतरपाटापलीकडे नवरदेव म्हणून बसतो, तो गुळगुळीत काळा शाळिग्राम मूळचा कुठला? नेपाळचा! काळी गंडकीच्या पात्रातला. त्याच खोऱ्यात, मुस्तांग जिल्ह्यात, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर मुक्तिनाथाचं देऊळ आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या, तरी मुक्तिनाथ वरच राहतं.

आधी शाळिग्रामाचंच बघू. फुटलेला शाळिग्राम तळहातावर घ्या. आत गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं दिसतं, त्यावर एकसारख्या बारीक धारा. हेच विष्णूचं चक्र. भूशास्त्र सांगतं, हा अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म आहे, वय साधारण १५ कोटी वर्षं. हिमालयाच्या जागी तेव्हा टेथिस समुद्र होता. भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि हे शंख थेट पर्वतावर पोचले. आता नदी ते खडकातून सोडवून खाली आणते. पुराणं म्हणतात, वज्रकीट दगड पोखरून चक्र कोरतो. दगडात एक जीव आहे, हे जुन्या लोकांनी बरोबर हेरलं होतं! शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, तो स्वयंभूच.

वैष्णवांची दिव्यदेशम्, म्हणजे विष्णूची पवित्र क्षेत्रं, १०८. त्यांतली १०५ भारतात, दोन तर पृथ्वीवरच नाहीत (क्षीरसागर आणि वैकुंठ). उरलेलं एकमेव म्हणजे मुक्तिनाथ. शेकडो वर्षांपूर्वी तमिळ संत तिरुमंगै आळवारांनी या क्षेत्राची स्तुती गायली. शाक्तांसाठी हेच गंडकी शक्तिपीठ.

आणि बौद्धांसाठी? तिबेटी भाषेत याचं नाव छुमिग ग्यात्सा, म्हणजे शंभरावर झरे. तिबेटला जाताना गुरू पद्मसंभवांनी इथे ध्यान केलं, अशी श्रद्धा आहे. गाभाऱ्यातली मूर्ती एकच. हिंदूंना ती विष्णूची, बौद्धांना अवलोकितेश्वराची. हिंदू पुजाऱ्यांसोबत इथली सेवा बौद्ध भिक्षुणीही करतात, त्यांना ‘अनी’ म्हणतात. एका मूर्तीपुढे दोन धर्मांनी इतक्या सहजपणे हात जोडावेत, हे मला या यात्रेतलं सगळ्यात मोठं दर्शन वाटतं.

पॅगोडा पद्धतीच्या देवळामागे अर्धगोल भिंत आहे. तिच्यावर प्राण्यांच्या मुखांची १०८ धारांची रांग. भाविक एका टोकाकडून निघतात आणि प्रत्येक धारेखाली डोकं धरत दुसऱ्या टोकापर्यंत धावतात. पाणी बर्फाचं, त्यामुळे चौथ्या-पाचव्या धारेलाच दातखीळ बसते, नामस्मरणाचा आवाज आपोआप चढतो. पुढे देवळासमोरच्या दोन कुंडांत बुडी असतेच.

या गार पाण्यानंतर ज्वालामाई! जवळच्याच गोम्पात (बौद्ध मठात) जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर लहानशी निळसर ज्योत जळते आणि तिच्या शेजारून झऱ्याचं पाणी खळखळत जातं. ब्रह्मदेवाने पाण्यावर अग्नी पेटवला, ही कथा इथलीच.

वाटही कमी नवलाची नाही. एका अंगाला धौलागिरी (८,१६७ मीटर), दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) आणि नदी त्यांच्या माथ्यांपेक्षा साडेपाच हजार मीटर खाली! दिवस चढला की वरचं पठार तापतं आणि दरीतून जोराचा वारा वर घुसतो. म्हणून पोखऱ्याहून जोमसोमला जाणारी छोटी विमानं सकाळीच उडतात. प्रवास जेमतेम २० मिनिटांचा. वाटेतल्या कागबेनीच्या संगमावर पितरांचं श्राद्ध करायची प्रथा आहे. शेवटी राणीपौवा गावातून देवळापर्यंतचा चढ पायी, नाहीतर घोड्यावर.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने नेपाळला जाणार असाल, तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. एकच कळकळीची विनंती: पोखरा जेमतेम ८०० मीटरवर आहे, तिथून एका दिवसात दर्शन उरकायला जाऊ नका. वर ऑक्सिजन जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असतो. आई-वडील सोबत असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, जोमसोम किंवा कागबेनीला एक रात्र मुक्काम करा आणि डोकं दुखून मळमळायला लागलं, तर दर्शन राहिलं तरी चालेल, लगेच खाली उतरा.