छत्तिसावी खोली

"यात गोष्ट कुठाय?" हा आमच्या अण्णांचा ठरलेला प्रश्न. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. आम्ही भावंडं भाड्याच्या व्हीसीआरवर 'एंटर द ड्रॅगन' बघायला बसलो, की वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणत, "कुणीतरी वाईट वागला, कुणीतरी चिडला, मग हाणामारी. झालं!"

त्यांचं चुकत नव्हतं. हाँगकाँगच्या या मारधाडपटांची कथा पोस्टकार्डावर मावेल. पण दशावताराला रात्र जागवणाऱ्याला शेवटी दैत्य मरणार हे ठाऊक नसतं का? तो येतो ते युद्ध कसं रंगतं हे बघायला. इथंही तसंच. जॅकी चॅन लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या शाळेत घाम गाळून तयार झाला. 'पोलिस स्टोरी'त (१९८५) दिव्यांच्या माळांनी वेढलेल्या खांबावरून तो घसरत खाली येतो, तेव्हा त्याचे तळहात खरोखरच भाजले होते. कथेत लबाडी खपून जाते, शरीराच्या बाबतीत ती खपत नाही.

हे मला उशिरा कळलं, आणि तेही अण्णांमुळे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर अण्णा तो डाव्या हातानं भिरकावून देत. "या वयात हे पोरखेळ कशाला?" घरात कुणी काही बोलायचं धाडस करत नसे.

एका दुपारी माझ्या मुलानं 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' लावला. लाउ कार-लेउंग यांचा १९७८ चा चित्रपट. सूडाची गोष्ट नावापुरती; मोठा भाग जातो तो नुसता शिकण्यात. गॉर्डन लिऊनं रंगवलेला सान ते दोन्ही हात पसरून पाण्याच्या बादल्या वाहतो. दंडाला सुऱ्या बांधलेल्या. हात जरा खाली आला, की टोक बरगडीत! तो कळवळतो, पुन्हा उभा राहतो.

"परत लाव रे ते," अण्णा म्हणाले.

पुढे मठातल्या पस्तीस खोल्यांतलं सगळं शिक्षण पुरं झाल्यावर सान ते छत्तिसावी खोली मागतो. कशासाठी? तर मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्यातला मास्तर मात्र जागा झाला असावा. संध्याकाळी त्यांनी नातवाला हाक मारली, "तो चेंडू दे बघू." चेंडू हातातून सुटला. नातवानं उचलून दिला. पुन्हा सुटला.

आता अण्णा चमच्यानं वरणभात खातात. सही अजून वाकडी येते. रविवारी नातवाशेजारी बसून असले सिनेमे बघतात.

"गोष्ट कुठाय?" असं मात्र विचारत नाहीत.