मुंबईतल्या बैठकीत ऑलिम्पिकचं तिकीट मिळालेला लॅक्रोस डोंबिवलीतल्या भिंतीवर कसा शिकायचा?

१६ ऑक्टोबर २०२३. मुंबईत बीकेसीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन सुरू होतं आणि बातमी आली, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येणार. आपल्याकडे तेवढीच हेडलाइन झाली. पण त्याच मतदानात आणखी चार खेळ आत आले होते. त्यातला एक लॅक्रोस. पदकासाठी तो याआधी शेवटचा खेळला गेला होता १९०८ मध्ये.

आता रील्समध्ये तो दिसायला लागलाय. काठीच्या टोकाला जाळी, त्यात चेंडू, पाठीमागून मारलेला गोल. हे बघून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एखाद्या पोराने-पोरीने घरी हट्ट धरला, तर सुरुवात कुठून करायची?

आधी खेळ समजून घेऊ. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ. ऑलिम्पिकमध्ये असेल त्याचा छोटा प्रकार, सिक्सेस. एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण, आठ मिनिटांचे चार भाग, मैदान ७० बाय ३६ मीटर. म्हणजे फुटबॉलच्या मैदानाचा साधारण एक तृतीयांश. चेंडू हातात आला की ३० सेकंदांत गोलवर शॉट घ्यायचा. कबड्डीतली चढाईही ३० सेकंदांचीच असते, त्यामुळे ही घाई आपल्या पोरांना नवी नाही.

नवीन आहे ती काठी. आणि काठी हातात बसते ती मॅचमध्ये नाही, भिंतीसमोर. जगभरचे खेळाडू हेच करतात.

खिडक्या नसलेली, मागे गाड्या नसलेली भिंत शोधा. (सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा, नंतर विचारण्यात अर्थ नसतो.) तीन-चार मीटरवर उभे राहा. चेंडू फेकताना वरचा हात पुढे ढकलायचा, खालचा हात स्वतःकडे ओढायचा. उजवा हात वर असेल तर डावा पाय पुढे. बाउंड्रीवरून थ्रो करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

झेल घेताना मात्र बहुतेक जण फसतात. चेंडू आला की त्याच्यावर जाळी आपटतात आणि तो बाहेर उडतो. क्रिकेटमध्ये कोच ‘हात सैल सोड’ म्हणतात ना, तेच इथे. चेंडू जाळीत शिरतानाच काठी कानाकडे मागे न्यायची.

यानंतर क्रेडल. पळताना मनगट आणि हात वळवत काठी हलकेच झुलवत राहायची, म्हणजे चेंडू जाळीला दाबून राहतो. जमिनीवरचा चेंडू उचलताना थांबून त्याला ओढत बसू नका. गुडघे वाकवा, मागचा हात खाली आणा आणि पळता पळता फावड्यासारखं उचलून पुढे निघा. खो-खो खेळलेल्यांना हे वाकणं पटकन जमावं.

आता सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट, जी रील्समध्ये कधीच नसते. उजव्या हाताने ५० वेळा केलं तर डाव्यानेही ५० वेळा करा. एकाच हाताने खेळणाऱ्याला बचावपटू पाच मिनिटांत ओळखतो आणि त्या बाजूची वाट बंद करतो. पाठीमागचा शॉट वर्षभर विसरलात तरी चालेल.

सामानाचं खरं सांगायचं तर डोंबिवली स्टेशनजवळ क्रिकेटची बॅट दहा प्रकारची मिळेल, लॅक्रोसची स्टिक मागितली तर दुकानदार नाव दोनदा विचारेल. ऑनलाइनच मागवावी लागेल. एकट्यासाठी मागवू नका, दोन मित्रांनी दोन घ्या, नाहीतर पास द्यायला कुणीच नसतं. मुलामुलींच्या स्टिक वेगळ्या असतात, मुलींच्या जाळीला खोली कमी लागते. मागवताना तेवढं बघा.

पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहाच संघ असणार आहेत, तेव्हा २०२८ ची स्वप्नं पोरांच्या डोक्यात भरू नका. आणि लॅक्रोसचा चेंडू भरीव रबराचा, जवळपास १४५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा थोडाच हलका. पहिले काही आठवडे टेनिस बॉल वापरा. तो जाळीतून जास्त उसळतो, पण दात शाबूत राहतात. खरा चेंडू आला की हेल्मेट आणि माउथगार्डही आले पाहिजेत, आणि छातीला पॅड नसताना गोलमध्ये कुणालाही उभं करायचं नाही, अगदी ‘एकच शॉट’ म्हणून सुद्धा.