खुरपं हवं, पण मुलाच्या मापाचं

खेळण्यांच्या दुकानात लहान मुलासाठी बागकामाची हत्यारं मागितली, की बहुतेक वेळा जाळीच्या पिशवीतला प्लॅस्टिकचा संच पुढे येतो. पिवळं फावडं, लाल पंजा, हिरवी झारी. समुद्रकिनारी वाळूत खेळायला तो छानच. पण वरून सुकलेल्या काळ्या मातीत तोच पंजा रोवला की त्याचे दात वाकतात. चार वर्षांचं मूल जोर लावतं, माती हलत नाही, आणि थोड्या वेळाने ते हातातलं टाकून उठतं. मग घरची मंडळी म्हणतात, ‘याला बागेची आवडच नाही!’ आवडीचा प्रश्न तिथे आलेलाच नसतो. मुलाच्या हातात दिलेली वस्तू त्या कामाची नसते, एवढंच.

मुलाचं हत्यार आकाराने लहान असावं आणि कामाला खरं असावं. हा विचार जुना आहे. मारिया मॉन्टेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं, तेव्हा तिथली मेजं-खुर्च्या मुलांच्या उंचीची होती आणि मुलं झाडणं, धुणं, वाढणं अशी खरीखुरी कामं करत होती. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ही पद्धत गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला रुजवली. पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करताना महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पानं, काटक्या अशा भोवतालच्या वस्तू आणल्या. हत्यार निवडतानाही हीच दिशा धरली, तर आयात केलेल्या रंगीत संचाची गरज पडत नाही.

मोठ्या घरातलं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचं घ्यावं. तिथे राणी व्हिक्टोरियाचं ऑस्बॉर्न हे निवासस्थान होतं. राजपुत्र आणि राजकन्यांना तिथे प्रत्येकी स्वतःचा वाफा होता, आणि त्यांच्या मापाच्या हत्यारांवर आणि हातगाड्यांवर ज्याची त्याची आद्याक्षरं होती. पिकलेली भाजी वडील, म्हणजे प्रिन्स अल्बर्ट, बाजारभावाने विकत घेत. त्या छोट्या हातगाड्या अजून जपून ठेवल्या आहेत.

आपल्या मुलाला पहिलं काय द्यावं, तर खुरपं. मुलांना उकिडवं बसणं मोठ्यांपेक्षा सहज जमतं आणि खुरपं बसूनच चालवायचं असतं. ते डोक्यावर उगारावं लागत नाही, म्हणून शेजारच्या भावंडाला लागण्याची भीती कमी. फावडं, कुदळ, टिकाव मात्र उचलून मारायची हत्यारं; त्यांची छोटी आवृत्तीही या वयात नको. लांब दांड्याचं दाताळंही थांबू शकतं. मूल दांड्याच्या एका टोकाला असतं आणि दुसरं टोक कुठे फिरतंय याचा त्याला पत्ता नसतो.

मूठ नीट पाहावी. मुलाने ती धरल्यावर अंगठा बोटांवर येऊन टेकला पाहिजे. जाड मुठीभोवती बोटं अर्धीच वळतात, पकड सुटते, आणि मूल दोन्ही हातांनी धरू लागतं. लाकडी मूठ असेल तर पातं तिच्यात घट्ट बसलंय का, हे हलवून पाहावं. कुसळ लागू नये म्हणून मुठीवरून पॉलिश पेपर फिरवावा. पात्याचं अणकुचीदार टोक कानशीने गोल करून घ्यावं. धार सुरीसारखी नको, पण अगदी बोथटही नको. बोथट पात्याला जास्त जोर लागतो आणि जोरात दाबलेलं हत्यार घसरतं. मूल डावखुरं असेल तर एका बाजूला वळलेलं पातं टाळून सरळ पात्याचं खुरपं घ्यावं. आठवडी बाजारात बसणारे घिसाडी किंवा गावचे लोहार सांगितलेल्या मापाचं खुरपं घडवून देऊ शकतात. त्यांच्याकडे मुलालाच सोबत न्यावं, म्हणजे त्याच्या हाताचं माप तिथल्या तिथे घेता येतं.

झारीच्या बाबतीत हिशोब वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं २०२०चं केंद्राचं दप्तर धोरण सांगतं; झारीलाही तोच नियम लावायला हरकत नाही. सोळा किलोच्या मुलासाठी मग दीड किलोच्या आतबाहेर मर्यादा येते. म्हणजे एक लिटरची झारी पुरे, पाच लिटरची नको. तीही एका हाताने तोलायची असल्याने थोडी रिकामीच भरावी. तिच्या तोंडाची भोकं बारीक असावीत. मोठ्या धारेने नुकतं पेरलेलं बी उघडं पडतं आणि मुलाची सगळी मेहनत वाहून जाते.

बाल्कनीत चार कुंड्याच असतील तर तेवढंही नको. जुनी पळी आणि एक वाटी यांवर काम भागतं, कारण कुंडीतली कोकोपीट मिसळलेली माती भुसभुशीत असते. जमिनीतला वाफा असेल तर आदल्या दिवशी मोठ्यांनी पाणी देऊन ठेवावं. कोकणातली तांबडी माती असो की देशावरची काळी, वाफशावर ती खुरप्याला साथ देते. पेरायला मेथी घ्यावी. ती काही दिवसांतच उगवते आणि मुलाचा धीर सुटायच्या आत दिसू लागते.

खेळणं म्हणून विकला जाणारा संच घ्यायचाच असेल, तर त्यावर आयएसआय चिन्ह पाहावं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१पासून सक्तीचं आहे. मोठ्या मापाचे हातमोजे मात्र घेऊ नयेत, त्यांत मुठीची पकड राहत नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. पावसाळ्यात कुंडीखाली किंवा पालापाचोळ्यात मुलाने हात घालू नये. तो पाला आधी मोठ्यांनी काठीने सारून पाहावा, विंचू किंवा साप असू शकतो. धनुर्वातापासून संरक्षण देणाऱ्या लसीचे डोस वेळेवर झाले आहेत का, हेही लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्यावं; त्यातला एक बूस्टर नेमका पाच-सहा वर्षांच्या वयात येतो.

खुरपं ठेवायला मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर एक खुंटी ठोकावी. माती पुसून, कोरडं करून ते तिथे टांगणं हा कामाचाच भाग. छाटणीची कात्री मात्र वरच्या फळीवरच राहू द्यावी. मूल सात-आठ वर्षांचं झालं आणि खुरपं न सांगता जागेवर जाऊ लागलं, की मोठ्यांच्या देखरेखीखाली तिचा विचार करता येईल.