प्रतिपिंडांचे वजन

आयुर्वेदाने शरीर धारण करणाऱ्या ज्या सात धातू सांगितल्या आहेत, त्यांत रस, रक्त, मांस, मेद आणि अस्थी यांच्यामागून मज्जेचा क्रम येतो. हाडांच्या पोकळीत वसणाऱ्या या मज्जेत रक्तपेशी जन्म घेतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या देहरक्षणाची आयुधे घडविणारे काही कारागीरही तेथेच वर्षानुवर्षे तळ ठोकून असतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. या कारागिरांना प्लाझ्मा पेशी असे म्हणतात, आणि त्यांनी घडविलेली आयुधे म्हणजेच प्रतिपिंडे होत.

रोगविषांना निष्प्रभ करणारे काही द्रव्य रक्तात निर्माण होते, हे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली घटसर्प व धनुर्वात या रोगांच्या अभ्यासातून दाखवून दिले. मात्र हे द्रव्य कोणत्या पेशी तयार करतात, याचा उलगडा होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. स्वीडनमधील विदुषी आस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८ साली आपल्या प्रबंधात हे कर्तृत्व प्लाझ्मा पेशींचे असल्याचे सिद्ध केले.

प्रतिपिंड हे एक प्रथिन आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दोन जड व दोन हलक्या साखळ्या परस्परांत गुंफलेल्या असतात. हलकी साखळी कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एका जातीची असते. एका प्लाझ्मा पेशीने एकाच घडणीचे प्रतिपिंड तयार करावे, असा निसर्गाचा दंडक आहे. निरोगी माणसाच्या रक्तात अगणित घडणींची प्रतिपिंडे एकत्र नांदत असतात, आणि त्यांत कोणा एकीचे वर्चस्व नसते.

कधी कधी मात्र यांपैकी एकच पेशी बेबंद होते, आणि तिचाच वंश मज्जेत वाढत जातो. मायलोमा नावाचा कर्करोग तो हाच. हाडे ठिसूळ होतात, कंबर व पाठ दुखू लागते, रक्त कमी होते, मूत्रपिंडांवर आघात होतो. लक्षणे अशी नित्याची असल्यामुळे रोग्याचे आणि घरच्यांचेही महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. परंतु या वंशातील सर्व पेशी एकच प्रतिपिंड, किंवा त्याचा एखादा भाग, ओतीत असतात. तेव्हा त्या प्रथिनाची ओळख पटली की रोगाचा माग लागतो.

हा माग काढण्याचा इतिहास जुना आहे. १८४५ साली लंडनमधील वैद्यांनी एका रोग्याचे मूत्र हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञाकडे तपासणीस पाठविले. त्यातील प्रथिन आम्लाने साकळे, तापविले की विरघळे आणि निवल्यावर पुन्हा साकळे. ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी हलकी साखळीच होय, हे जेरल्ड एडेलमन व जोसेफ गॅली यांनी १९६२ साली दाखविले. दरम्यान स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी विजेच्या प्रभावाखाली प्रथिने वेगवेगळी करण्याची पद्धत सुधारली व १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळविले. आजही बहुतेक रुग्णालयांत याच तत्त्वावर रक्त तपासले जाते. रोगाचे प्रथिन असल्यास पट्टीवर एक ठळक रेघ उमटते. उपचारानंतर मात्र ही रेघ फिकट होत होत इतर प्रतिपिंडांच्या गर्दीत लोपते. मग रोग खरोखरच गेला, की केवळ दिसेनासा झाला? रोग्याच्या घरी याहून मोठा प्रश्न नसतो.

येथेच वस्तुमान वर्णपटमापक हे यंत्र साहाय्यास येते. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली असे यंत्र तयार करून मूलद्रव्यांच्या अणूंचे वजन केले. प्रथिनासारखा अवजड रेणू मात्र वजन करू जाता मोडून पडे. तो अखंड ठेवून विद्युत्‌भारित करण्याच्या युक्त्या जॉन फेन व कोइची तानाका यांनी शोधल्या. त्याबद्दल त्यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पद्धत समजण्यास कठीण नाही. प्रथम रक्तरसातून प्रतिपिंडे वेचून घेतात. नंतर रसायनाने त्यांच्या जड व हलक्या साखळ्या सुट्या करतात. हे द्रव्य एका विशिष्ट रसायनात मिसळून धातूच्या तबकडीवर सुकवितात आणि त्यावर लेसर किरणांचा मारा करतात. विद्युत्‌भारित झालेल्या साखळ्या निर्वात नळीतून धावू लागतात. विद्युत्‌भार समान असेल, तर हलकी आधी पोहोचते व जड मागाहून. या धावण्याच्या वेळेवरून वजन कळते. हलक्या साखळीचे वजन सुमारे २३ हजार डाल्टन भरते, आणि एक डाल्टन म्हणजे जवळजवळ हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. निरोगी रक्ताचा आलेख एखाद्या टेकडीसारखा सौम्य उतरता असतो. रोगाचे प्रथिन असेल, तर त्या टेकडीवर सुळका उभा राहतो. त्या सुळक्याचे वजन ही त्या रोग्यापुरती खूणगाठच ठरते. पुढच्या तपासणीत नेमक्या त्याच जागी शोध घेता येतो.

याचा आणखी एक लाभ आहे. २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डाराटुमुमॅब हे मायलोमावरील औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. जुन्या पद्धतीत त्याची रेघ रोगाचीच भासू शकते. यंत्र मात्र बहुधा दोहोंच्या वजनांतील फरकाने औषध कोणते व रोग कोणता हे सांगते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१८ साली ही तपासणी नित्याच्या वापरात आणली. २०२१ साली मायलोमावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटानेही जुन्या पद्धतीला पर्याय म्हणून तिला संमती दिली.

तथापि या यंत्राकडून अवाजवी अपेक्षा करू नये. रक्तातील मुख्य जातीचे प्रतिपिंड निम्मे होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे पेशी नष्ट झाल्यावरही त्यांचे प्रथिन काही काळ रेंगाळते. काही थोड्या रोग्यांत तर हे प्रथिन रक्तात उतरतच नाही. म्हणून सुईने मज्जेचा नमुना घेण्याचे कष्ट अजून पूर्णपणे टळलेले नाहीत.

शिवाय सुळका दिसला म्हणजे कर्करोगच, असेही नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे तिघांच्या रक्तात असे प्रथिन अल्प प्रमाणात आढळते, असे अमेरिकेतील एका जिल्ह्याच्या पाहणीत २००६ साली दिसून आले. अशांपैकी दरवर्षी शेकडा सुमारे एकाचीच स्थिती मायलोमा वा तत्सम विकाराकडे झुकते. बाकीच्यांना बहुधा नियमित तपासणीखेरीज कशाचीच गरज नसते. तपासणी जितकी सूक्ष्म, तितक्या अशा निरुपद्रवी खुणाही अधिक सापडणार. सराफाचा काटा सोन्याचे वजन गुंजेपर्यंत बिनचूक सांगतो. पण दागिना मोडावा की ठेवावा, हे घरच्या माणसांनीच ठरवायचे असते. त्याचप्रमाणे येथेही यंत्राने वजन सांगावे, आणि त्याचा अर्थ रोग्याची हाडे, रक्त व मूत्रपिंडे तपासून जाणत्या वैद्याने लावावा, हेच इष्ट होय.