साच्यातून निघणारी गाडी

नांदेडची ओळख गोदावरीच्या घाटांनी व सचखंड गुरुद्वाऱ्याने, आणि लातूरची डाळीच्या गिरण्यांनी व शिकवणीवर्गांनी ज्यांच्या मनात पक्की केली आहे, त्यांना या दोन शहरांच्या आधाराने दोन आसनांची, उघड्या टपाची, वजनाने अतिशय हलकी अशी एक स्पोर्ट्‌स कार हाताने बांधली जात आहे हे वृत्त अविश्वसनीय वाटेल. संपादकांनाही ते तसेच वाटले, आणि ‘प्रत्यक्ष पाहून लिहा’ एवढाच निरोप देऊन त्यांनी मला मराठवाड्यात धाडले. गाडीचा सांगाडा नांदेडला एका तरुण यंत्र-अभियंत्याच्या अंगणात उभा आहे. तिचे अंग मात्र लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये आकार घेत आहे, आणि माझे मन या दुसऱ्या ठिकाणीच अधिक रमले.

या जातीच्या गाडीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ बाजारात आणली: पोलादी नळ्यांची त्रिकोणी जाळी, तीवर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि सारे मिळून वजन सुमारे पाचशे किलो. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी-कर असे, सुट्या भागांच्या संचावर नसे; त्यामुळे ती पुष्कळांनी आपल्या घरीच जोडली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अशी गाडी अत्यल्प खर्चात कशी बांधावी याचे पुस्तक लिहिले आणि जगभरच्या हौशी लोकांना जणू मोजमापांची सनदच मिळाली. आपल्याकडेही ही परंपरा अगदीच अपरिचित नाही. अलिबाग परिसरात चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच घाटाची, फायबरच्या अंगाची ‘रोडस्टर’ काढली व तिला अॅम्बॅसडरमध्ये बसणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन जोडले. आणि त्याच्याही कितीतरी आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या छोट्या गाडीचा पहिला नमुना १९४९ मध्ये उभा केला होता.

नांदेडच्या सांगाड्यात २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आहे, त्याच्या भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर. इंजिन जुन्या मारुती ओम्नीचे, तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. त्याची निवड शक्तीसाठी झालेली नसून, ते गाडीत उभ्या दिशेने बसते व मागची चाके फिरवते, यासाठी झालेली आहे. एवढ्या लहान इंजिनाला चपळाई यावयाची तर ती वजन घटवूनच येणार, आणि वजन कोठे घटेल व कोठे नकळत वाढेल याचा निवाडा बहुतांशी लातूरच्या शेडमध्ये होतो.

तेथील मिस्त्री साठीच्या घरात आले आहेत. फायबरचे पुतळे, टाक्यांची झाकणे आणि प्रवासी बसचे दर्शनी भाग यांत त्यांची हयात गेली. गाडीचे नाक, म्हणजे रेडिएटरपुढचा गोलसर भाग, करावयाचा असता प्रथम लाकूड, प्लास्टर व पुट्टी यांचा हुबेहूब आकार करावा लागतो. तो पाण्याच्या पेपरने घासून आरशासारखा करावयाचा, त्यावर वॅक्सचे हात द्यावयाचे, त्यावरून साचा काढावयाचा, आणि मग त्या साच्यातून प्रत्यक्ष नाक काढावयाचे. मूळ आकारावर राहिलेला एक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर उमटतो. त्यामुळे पुढे मोडून टाकावयाच्या वस्तूवरच या माणसाने सर्वांत अधिक श्रम खर्च केलेले दिसले, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी जो आदर वाटला तो शब्दांत पुरेसा उतरणार नाही. आकार आत वळला तर साचा सुटणार नाही, हे ओळखून त्यांनी तो दोन भागांत, मध्ये बोल्टची कड ठेवून केला होता.

परंतु या सगळ्याहून हट्टी वस्तू म्हणजे फायबरच्या काचतंतूंना बांधून ठेवणारे रेझिन. ते घट्ट होण्यासाठी त्यात कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन जिन्नस घालावे लागतात. हे दोन एकमेकांत थेट मिसळले तर स्फोटाचा धोका असतो, म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पुरते घोळवून मगच हार्डनर टाकावयाचा, हा त्या शेडमधला अनुल्लंघनीय नियम आहे. हार्डनरचे प्रमाण शेकडा एक ते दोनच्या आसपास. पण ते पुस्तकातले प्रमाण मध्यम हवामानाचे. उष्णता दहा अंशांनी वाढली की ही क्रिया साधारणपणे दुपटीने वेगावते, आणि मराठवाड्यातील वैशाखात, पारा बेचाळिसाच्या पुढे गेला असता, डब्यातले रेझिन ब्रश बुडविण्यापूर्वीच जेलीसारखे थिजू लागते व डबा हाताला सोसवत नाही. मिस्त्री म्हणून भल्या पहाटे काम काढतात, थोडे थोडे रेझिन कालवतात, आणि माप ऊन पाहूनच ठरते असे सांगतात. साच्याला प्रथम लावलेला जेलकोटचा, म्हणजे बाह्य पृष्ठभागाच्या रेझिनचा, थर बोटाला किंचित चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका सुकला की काचतंतूंची मॅट पसरावयाची. घाई झाली तर वरच्या रेझिनमधील द्राव त्या कोवळ्या थरात शिरून त्याला सुरकुत्या पाडतो.

मॅट पसरल्यावर रोलर फिरतो, आणि हलकेपणाचा खरा हिशेब येथे आहे. एक चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर दिले तर काच होते ९०० ग्रॅम. रेझिन तिच्या सव्वादोन पट धरले तर एकूण वजन तीन किलोच्या किंचित खाली राहते, आणि जेलकोट धरून साडेतीनच्या आसपास जाते. १.२ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पत्र्याचे तेवढ्याच जागेचे वजन सव्वातीन किलो, तर ०.८ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचे सव्वासहा. अर्थात पोलादाच्या मानाने फायबरचा लाभ उघड असला, तरी हात सैल सुटून रेझिन जास्त झाले की अॅल्युमिनियमशी तुलना ताबडतोब बिघडते. शिवाय जास्तीचे रेझिन बळही वाढवीत नाही, कारण ताण सोसते ती काच. मिस्त्री रोलरने हवेचा प्रत्येक बुडबुडा कडेला ढकलीत, उरलेले रेझिन निपटून घेत होते. इतकी काटकसर मी फारच थोड्या कारागिरांत पाहिली आहे.

आता अडचणींकडे वळले पाहिजे, कारण त्या या गाडीपेक्षा मोठ्या आहेत. अभियंत्याचा प्रथम विचार असा होता की, जुन्या ओम्नीचे नोंदणीपुस्तक नव्या अंगाला चालावे. परंतु चासी नंबर त्या ओम्नीच्या मूळ पत्र्यावर आहे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते. नवी गाडी म्हणून नोंद करावी तर केंद्रीय मोटार वाहन नियमावलीचा नियम १२६ आड येतो: उत्पादकाने आपला नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या किंवा अहिल्यानगरच्या व्ही.आर.डी.ई.सारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा. ब्रेक, दिवे, धूर यांची ही परीक्षा हवीच. पण तिचा खर्च हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्याच्या हिशेबाने बेतलेला असून, एकट्या माणसाच्या एकाच गाडीसाठी स्वतंत्र सोपी वाट त्यात नाही. इंग्लंडात एकेका गाडीची तपासणी करून मंजुरी देण्याची पद्धत आहे, म्हणून तेथे हा छंद रस्त्यावर येऊ शकतो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी केव्हातरी तिला अडवतील असेही स्पष्ट लिहून, बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. त्या कुटुंबाचे त्यात कल्याण झाले, याचा मला आनंद आहे; तथापि त्यांच्या हातच्या गाडीला रस्त्यावर कायदेशीर वाट मिळाली नाही, हेही विसरता येत नाही.

नियम शिथिल करा असे माझे म्हणणे नाही. पाचशे किलोच्या, कमरेइतक्या उंच गाडीत बसलेला माणूस उसाच्या भरल्या ट्रॉलीशेजारून जाणार असेल, तर तिच्या प्रत्येक वेल्डिंगची झडती झालीच पाहिजे. मागणे एवढेच की, झडतीसाठी अर्ज करता यावा: एका गाडीपुरती तपासणी, माफक फी, ठरावीक नमुन्यातील दस्तऐवज, आणि उत्तीर्ण झाल्यास एम.एच. २६ चा क्रमांक. तोवर ही गाडी खासगी आवारात आणि परवानगी मिळेल तेव्हा बंदिस्त ट्रॅकवरच धावेल. जवळपास तसा ट्रॅक नसल्याने तिला ट्रकवर लादून दूर न्यावे लागेल, आणि त्या भाड्याची तजवीज अभियंत्याने अद्याप केलेली नाही. मागच्या चाकांचे दोन मडगार्ड अजून व्हावयाचे आहेत. दमट हवेत फायबर नीट धरत नाही, म्हणून ते पावसाळ्यापूर्वी साच्यातून काढून घेण्याचा मिस्त्रींचा आग्रह आहे.