मार्गदर्शिकेची सूची आणि तिची निगा

युनिक्स प्रणालीच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक आहे. तीतील पृष्ठरचनेची परंपरा आजच्या लिनक्स प्रणालीतही चालू आहे. आज्ञेचे नाव ठाऊक असल्यास ‘मॅन’ या आज्ञेने तिचे पृष्ठ पडद्यावर आणता येते. नाव ठाऊक नसून केवळ विषय ठाऊक असेल, तर ‘अप्रोपॉस’चा आश्रय करावा लागतो.

या दोहोंतील भेद अभ्यासकाच्या सहसा ध्यानात येत नाही. डेबियनसारख्या प्रणालींत रूढ असलेल्या ‘मॅन-डीबी’ या संचातील ‘मॅन’ला सूचीत नोंद न मिळाल्यास ती प्रत्यक्ष फाइलींचा धांडोळा घेते. ‘अप्रोपॉस’ मात्र केवळ सूचीच वाचते. तेव्हा तिने ‘काही आढळले नाही’ असे कळविले, तर ते विधान सूचीविषयीचे असते, संग्रहाविषयीचे नव्हे. ग्रंथालयाच्या तालिकेत पत्रक नाही एवढ्यावरून ग्रंथच नाही, असा निष्कर्ष कोणी काढीत नाही; संगणकापुढे मात्र भलेभले तो काढतात आणि असलेलेच साधन नव्याने रचावयास बसतात.

सूची अद्ययावत करण्याचे कार्य ‘मॅनडीबी’ ही आज्ञा करते. सामाईक सूचीत लिहिण्यासाठी ती प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी लागते. कोणताही पर्याय न जोडल्यास ती असलेल्या सूचीतच भर घालते आणि नाहीशा झालेल्या पृष्ठांच्या नोंदी काढून टाकते. ‘-सी’ जोडल्यास जुनी सूची मोडून ती मुळापासून रचली जाते. सूची बिघडली असेल तेव्हाच याची खरी गरज पडते. ‘-टी’ने पृष्ठांची तपासणी होते, सूचीला धक्का लागत नाही. डेबियनमध्ये पॅकेज बसविताच हे काम आपोआप घडते, शिवाय ते रोज एकदा करण्याचीही योजना आहे. स्वतः लिहिलेले पृष्ठ हाताने स्थानिक डिरेक्टरीत ठेवणाऱ्यास मात्र तोवर थांबावे लागते, अथवा स्वतः आज्ञा द्यावी लागते.

तथापि एक दोष कितीही वेळा आज्ञा दिली तरी दूर होत नाही. सूचीतील नोंद पृष्ठाच्या ‘नेम’ या विभागातून घेतली जाते: प्रथम नाव, मग आडवी रेघ, मग एका ओळीचे वर्णन. ही ओळ लेखकाने गाळली किंवा तिची घडण चुकविली, तर ‘मॅनडीबी’ सूचना देते, पण वर्णनाची नोंद करू शकत नाही. ‘लेक्सग्रॉग’ ही आज्ञा त्या ओळीची परीक्षा आधीच करून देते. पृष्ठ वितरित करण्यापूर्वी तिचा उपयोग करावा.